खुंटीवरचा दोर

बोईसर,
शुक्रवार, १ फेब्रुवारी १९८५
दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. डबा धुऊन उपडा ठेवला, हात कोरडे केले आणि लिहायला बसलो.

चि. कांतास दामूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कांजिण्यांच्या खपल्या पडू लागल्या असे घरच्या निरोपावरून कळले. खाजवू नकोस. उद्या तू बाई होऊन वर्गात उभी राहशील तेव्हा मुले तोंडावरच्या खुणांवरून तुला एखादे नाव ठेवतील आणि ते पेन्शनीपर्यंत पुरेल.

तुझ्या डी.एड.च्या वर्गातल्या लाडकीची वही मिळाली. आजारात तुझे बुडलेले तीनही धडे नव्या वहीत उतरवून काढले आहेत. लाडकीचा भाऊ सुका आमच्याच कंपनीत पॅकिंगला आहे, त्याच्या हाती दोन्ही वह्या आणि हे पत्र पाठवतो. लाडकीने काही शब्द घाईत लिहिले होते. ते मी तुझ्या वहीत नीट केले, तिच्या वहीला हात लावलेला नाही, असे तिला सांगावे.

पहिले दोन धडे सरळ उतरले. तिसऱ्या, म्हणजे व्यक्तिमत्त्वाच्या घडणीच्या धड्याला माझा हात थांबला. परदेशातल्या कोणा डॉक्टरचे म्हणणे असे दिसते की प्रत्येक माणसाच्या आत तिघे असतात. इदम् म्हणजे जे हवे ते आत्ताच मागणारा. पराहम् म्हणजे सदा बोट उगारून हे चूक, ते चूक सांगणारा. आणि अहम् म्हणजे या दोघांची आणि बाहेरच्या जगाची समजूत काढून काम चालवणारा. वर हेही लिहिले आहे की यांचा बराचसा कारभार आपल्या नकळत चालतो. कांता, मी नववी नापास माणूस, पण वाचून घाबरलो. खोली मी एकट्याच्या नावावर घेतली आहे आणि आत तिघे राहतात. यातला मी कोणता, हे वहीत कुठे दिलेले नाही. एखादे पान गळले आहे का, ते बाईंना विचारून कळव.

इकडची बातमी अशी. आमचे बॉयलरचे भिकाकाका जूनमध्ये निवृत्त होतात. चार वर्षे मी त्यांच्या हाताखाली आहे. बॉयलर खात्याची सेकंड क्लासची परीक्षा मी दिली तर त्यांची जागा मला द्यायला कंपनी तयार आहे. फॉर्मची शेवटची तारीख २८ फेब्रुवारी. पण यंदा थांबावे असे मला वाटते. एक तर माझा फोटो जुना आहे. दुसरे, तोंडी परीक्षा असते आणि साहेबांसमोर माझा घसा बसतो. तिसरे, फॉर्म काळ्या शाईने भरायचा आहे आणि माझे पेन निळे आहे. शिवाय भिकाकाका धडधाकट आहेत, कंपनी त्यांना मुदत वाढवूनही देईल.

पथ्य सांभाळ. पत्र आले की मला घर आल्यासारखे वाटते, म्हणून आळस करू नकोस.

तुझा,
दामू

खर्च : वही १.७५, रिफिल ०.६०. एकूण २.३५. देणे : नाही.


पालघर,
मंगळवार, ५ फेब्रुवारी १९८५

ती. दामूदादास कांताचा नमस्कार. वि. वि.

वही मिळाली. आमच्या वसतिगृहात ती देवाच्या तसबिरीसारखी फिरते आहे. मुली म्हणतात छापली कुठे. लाडकीने स्वतःची वही लपवली आहे. बहिणीच्या पत्राखाली हिशेब लिहिणारा भाऊ साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच असेल, असेही ठरले आहे.

तुझी सुट्टी शुक्रवारी, आम्हाला भेटीची वेळ रविवारी. पालघर-बोईसर गाडीने पंधरा-वीस मिनिटे, आणि दिवाळीपासून आपण एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. म्हणून सगळे पत्रातच भांडून घेते.

पान गळलेले नाही. मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या की तिघे वेगळे लोक नसतात, एकाच माणसाची तीन कामे असतात. मला तरी ते आपल्या होडीवरूनच कळले. खलाशी म्हणतात भूक लागली, मासळी आहे तिकडे आत्ताच चला. किनाऱ्यावरचे म्हातारे ओरडतात की लांब जाऊ नका, अमके करू नका. आणि सुकाणूवर तांडेल बसलेला. त्याला खलाशांचेही ऐकायचे, किनाऱ्याचेही ऐकायचे, आणि वारा-भरती तर कुणाच्या बापाची नाही. दादा, तुझ्या होडीत खलाशी गप्प आहेत, तांडेल डुलक्या काढतो आहे आणि किनाऱ्यावरून कोणीतरी सारखे ओरडते आहे. एवढे ओरडणे ऐकून होडी पाण्यात जाईल कशी?

आता तुझ्या कारणांबद्दल. मी मोजली, चार आहेत. निळ्या पेनाचे कारण मी वर्गात वाचून दाखवणार होते, पण भाऊ म्हणून सोडले. आत भीती असते तिला तोंड देण्याऐवजी माणूस तिला शहाणपणाचा सदरा घालतो, असे पुढच्याच पानावर आहे. तूच ते पान आपल्या सुंदर अक्षरात उतरवले आहेस, वाचलेले दिसत नाही.

बाईंनी आणखी एक सांगितले ते नीट वाच. पराहम् आईच्या पोटातून येत नाही. लहानपणी ज्या मोठ्या माणसाचा धाक असतो, त्याचा आवाज आपण आत ठेवून घेतो. माणूस समोर नसला तरी आवाज चालू राहतो. तर मला एवढेच कळव, तुझ्या आत बोलतो तो आवाज कुणाचा? आईचा नसावा, ती ओरडायला लागली की हसते.

भजी खात जा. तुझ्या इदम्‌ला माझा रामराम, बिचारा उपाशी असेल.

पत्राची वाट पाहणारी आणि वाट पाहून चिडणारी,
कांता


बोईसर,
शुक्रवार, ८ फेब्रुवारी १९८५
सकाळचे अकरा. गणवेश वाळत घातला आहे, ऊन चांगले आहे.

चि. कांतास दामूचे आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र येण्याआधीच, धडा उतरवल्यावर, मी एक गोष्ट सुरू केली होती. बॉयलरवर आम्ही दर तासाला प्रेशर आणि पाण्याची पातळी तक्त्यात लिहितो. तसा एक तक्ता मी स्वतःचा केला. तीन रकाने आखले आणि पाच दिवस दर तासाला खूण केली. त्या तासात मनात कोण बोलला, एवढेच लिहायचे. बेरीज अशी : पराहम् एक्केचाळीस. इदम् नऊ, त्यात भजी चार, झोप तीन, एकदा सुक्या बोंबलाची चटणी आणि एकदा सांगण्यासारखे नाही. अहम् दोन. दोन्ही वेळा त्याने फक्त घड्याळ पाहिले.

हा तक्ता चुकून बॉयलरच्या तक्त्याखाली अडकवलेला राहिला आणि भिकाकाकांनी पाहिला. मला सगळे सांगावे लागले. वाणगावचा माणूस, चौथी शिकलेला, पण त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले की सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, तो नसेल तर छप्पर उडेल. पण पाच दिवसांत एक्केचाळीस वेळा उडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह मी तीस वर्षांत पाहिला नाही. अशाने वाफ धरणार कधी आणि कारखाना चालणार कशावर? त्यांनी मला व्हॉल्व्हची तपासणी करायला सांगितली. तो कुठल्या वजनावर लावला आहे आणि कोणी लावला, ते बघ म्हणाले.

तुमच्या दोघांचा प्रश्न एकच झाला, म्हणून उत्तर देतो. हे मी कोणाला सांगितलेले नाही.

आवाज आजोबांचा आहे.

मी अकरा वर्षांचा होतो, तू आठ. आपल्या मोठ्या होडीवर जायचे-यायचे लहान होडके खाडीत रोवलेल्या मेढीला, त्या खांबाला, बांधायचे काम त्या वर्षी आजोबांनी मला दिले होते. अमावस्येच्या संध्याकाळी मी ते बांधले. सकाळी होडके नव्हते. चौथ्या दिवशी ते वरोरच्या बाजूला खडकात सापडले, एक फळी फुटलेली. सगळे म्हणाले उधाण होते. आजोबा काही म्हणाले नाहीत. त्यांनी होडक्याचा दोर आणला आणि दाराच्या आत उजवीकडे, खुंटीला लावला. तो तिथेच आहे. तू रोज त्याखालून गेलीस, तुला तो दोर वाटला. मला वाटले, तो लावलाच मला दाखवायला. माझी गाठ सुटली, म्हणून.

त्या दिवसापासून त्यांनी मला होडके बांधायला सांगितले नाही. मीही पुढे होडीवर गेलो नाही, कंपनीत आलो. इथे मी दर पाळीला व्हॉल्व्ह तीनदा तपासतो. चौथ्यांदा जाऊ नये म्हणून खिशात हात घालून उभा राहतो. हाताखालचा माणूस म्हणून हे चालते. उद्या तक्त्याखाली माझी सही असेल, आणि माझ्या हाताने बांधलेले सुटते हे मला माहीत आहे. फॉर्म न भरण्याचे हे पाचवे कारण. पहिली चार तू खोडलीसच.

आजोबांना यातले काही कळू देऊ नकोस. एवढे वचन दे.

तुझा,
दामू

खर्च : भजी ०.५० (तुझ्या सांगण्यावरून). देणे : नाही.


पालघर,
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९८५

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचले. दोनदा वाचले. पोस्टकार्ड उघडे असते म्हणून जास्त लिहीत नाही. रविवारी घरी जायची परवानगी मिळाली आहे. वचन देत नाही. रागावलास तर रागाव, तक्त्यात इदम्‌च्या रकान्यात एक खूण वाढेल, तेवढीच प्रगती.

तुझी,
कांता


चिंचणी,
रविवार, १७ फेब्रुवारी १९८५

दामूस आज्याचा आशीर्वाद.

इस्रामला समोर बसवून लिवून घेतोय. त्याला सांगितलंय, मी बोलतो तसं लिव, तुजी सोसायटीची भाषा यात घालू नको.

कांता सकाळी आली. अंगावर खुना हायत, पन तोंड दुखत नाय तिचं. आल्या आल्या मला इचारते, आजा, त्यो खुंटीवरचा दोर कशाला ठेवलाय. मी बोललो, ती माजी लाज हाय. ती बोलली, दादा तं बोलतो ती त्याची लाज हाय. मंग आमी दोगं एकमेकाच्या तोंडाकडं बगत बसलो. तुजी आई बोलली, लाजेचं काय ते नंतर वाटून घ्या, आदी चा घ्या.

आता नीट वाच. त्या सांजेला होडकं तू बांदलंस. दोर माजा. जुना, उनानं खाल्लेला. तुजी आई बोलली व्हती, नवा आना. मी बोललो, हा मोसम जाऊ दे. सकाळी खाडीवर जाऊन बगतो तं होडकं नाय, आन मेढीला तुजी गाठ तशीच. गाठीपासून हातभर लांब दोर तुटलेला. मी गाठ सोडाया गेलो, सुटना. अकरा वरसाच्या पोरानं मारलेली गाठ, आन चाळीस वरसं तांडेलकी केलेल्या मानसाला सुटना. मंग मेढीवरनं तशीच वर सरकवून काडली आन घरी आनली.

खुंटीला लावली ती मला दिसावी म्हनून. दोराचे दोन रुपये वाचवायला गेलो आन फळी फोडून घेतली, त्ये मला आठवावं म्हनून. तुला काय बोललो नाय, कारन बोलायला तोंड नव्हतं. पोराला जाऊन माजं चुकलं सांगायचं, अशी तांडेलाला सवं नसते. मला वाटलं, पोरगा गाठ बगंल, त्याला कळंल. बारा वरसात तू एकदा पन मान वर करून बगितलं नाय, त्ये आज कळलं. होडकं नंतर तुला बांदाया दिलं नाय, कारन नवा दोर घेईस्तोवर मी सोताच साखळीनं बांदत व्हतो. तवर तू खाडीवर यायचा बंद झालास. मी समजलो, साळेत मन लागलं.

कांता सांगते, तुज्या डोसक्यात एक आजा बसलाय आन दिसभर तुला वरडतो. मी तुला कवा वरडलो? माज्या नावावर ह्यो कोन? त्याला माजा निरोप सांग. बोलावं, खऱ्या आज्यानं इचारलंय, बारा वरसाचं भाडं टाकतोस का खोली खाली करतोस.

वरडून घ्यायचंच असंल तं मी अजून जिता हाय. शुक्करवारी ये. समोर बसवून वरडतो. आदी बोंबील खायला घालतो, मंग वरडतो.

आजा (डाव्या हाताचा अंगठा)

ता. क. वरील मजकूर आजोबांनी सांगितला तसा लिहिला. माझे नावही त्यांनी उच्चारले तसेच लिहावे लागले. दोर मीही आज प्रथमच स्टुलावर चढून पाहिला. गाठ शाबूत आहे. कळावे. – विश्राम, मच्छीमार सोसायटी.


बोईसर,
शुक्रवार, २२ फेब्रुवारी १९८५
सायंकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. घरून परत आलो, पाय धुतले. कपड्यांना सुक्या मासळीचा वास आहे, तो आज धुणार नाही.

चि. कांतास दामूचे पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

तू वचन दिले नाहीस ते बरे केलेस. हे वाक्य मी वहीत आधी लिहून पाहिले आणि मगच इथे उतरवले.

सकाळच्या पहिल्या एस.टी.ने गेलो. दारात आजोबा जाळे विणत बसले होते. मला पाहून त्यांनी मान हलवली आणि पुन्हा जाळ्यात घातली. मी स्टूल घेतले. आधी ते हलवून पाहिले, मग चढलो. दोर खाली काढून अंगणात उजेडात आणला. कांता, गाठ आहे. दोन वेढे आणि वर अडकवण, आजोबांनी शिकवली होती तशीच. मिठाने लाकडासारखी कडक झाली आहे. आणि हातभर पलीकडे दोराचे टोक फणीसारखे पिंजलेले. मी नखाने गाठ सोडवून पाहिली. सुटली नाही. आजोबा जाळ्यातूनच म्हणाले की त्यांनीही बारा वर्षांपूर्वी हेच केले होते, नख तुटेल.

मग त्यांनी नवा दोर आणून दिला आणि खांबाला तीच गाठ मारायला सांगितली. मला वाटले हात विसरले असतील. हात विसरले नव्हते. आजोबांनी पूर्ण वजन टाकून ओढून पाहिली. म्हणाले की वेग कमी झाला आहे, कंपनीचे खाऊन बोटे जड झाली.

जेवणानंतर ठरल्याप्रमाणे ते मला ओरडले. समोर बसवून. दिवाळीनंतर घरी आलो नाही यावर, आईला लुगडे घेतले ते रंगाने चुकले यावर, आणि घरात आलो की मान खाली घालून फिरतो यावर. आई मध्ये हसत होती. सगळे मिळून तीन मिनिटे चालले, मी घड्याळ पाहिले. मग त्यांनी तंबाखू मळली आणि विचारले की बॉयलरमध्ये कोळसा टाकतात की लाकूड. मला त्या वेळी कळले की खऱ्या ओरडण्याला शेवट असतो. माझ्या आत बारा वर्षे जो ओरडत होता, तो कधी तंबाखू मळायला थांबला नाही. तुमच्या बाईंना विचार, हे पुस्तकात आहे का. नसेल तर घालायला सांग.

मी म्हणालो, दोर मी बोईसरला नेतो. आजोबांनी दिला नाही. ती त्यांची लाज आहे म्हणाले, मला हवी असेल तर मी स्वतःची कमवावी. दोर पुन्हा खुंटीला लावला. या वेळी मी लावला.

आता एक खरे सांगायचे राहिले आहे. फॉर्म मी २१ जानेवारीलाच भरून ठेवला होता. काळ्या शाईने, नव्या फोटोसकट, कंपनीच्या दाखल्यासकट. तो पेटीत तळाला, इस्त्रीच्या कपड्यांखाली होता. फक्त सहीची जागा रिकामी होती. आज साडेतीनला बोईसरला उतरलो, धावत खोलीवर गेलो, उभ्यानेच सही केली आणि पोस्टात खिडकी बंद व्हायच्या आत रजिस्टर केला. पाकीट चिकटवण्याआधी आतला आजा सुरू झाला. फॉर्म पुन्हा काढून पाहा म्हणाला. एकदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला खऱ्या आजोबांचा निरोप सांगितला. मनातल्या मनात सांगितला, तरी खिडकीतल्या पोस्टमास्तरांनी वर पाहिले. पाकीट चिकटवले.

तो खोली सोडून गेला असे मी म्हणत नाही. बारा वर्षांचा भाडेकरू आहे, कायदा त्याच्या बाजूने आहे. पण आता आवाज कोपऱ्यातून येतो, आणि मी त्याला ओळखतो. पोस्टात जाताना भिकाकाकांना वाटेत भेटून सांगितले आणि फीला कमी पडले ते पाच रुपये उसने घेतले. ते म्हणाले की व्हॉल्व्ह काढून टाकू नकोस, वजन तेवढे बदल. सोमवारपासून ते मला तोंडी परीक्षेचे प्रश्न घालणार आहेत. पहिला प्रश्न वाटेतच घातला : पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासे झाले तर आधी काय करशील? मी म्हणालो, आधी आग बंद करीन, घाबरून पाणी सोडणार नाही. घसा बसला होता, पण उत्तर बाहेर आले.

तुझ्यासाठी आईने बोंबलाची चटणी दिली आहे. सुकाबरोबर पाठवतो. अर्धी लाडकीला दे. मोजून अर्धी.

परीक्षेत मला हा धडा आला असता तर मी पहिला आलो असतो. तुला येईल, तेव्हा माझे अक्षर डोळ्यांसमोर आण. आणि अशीच न ऐकणारी राहा.

तुझा,
दामू

खर्च : एस.टी. जाणे-येणे ४.००, आजोबांना तंबाखू १.००, रजिस्टर ३.००, फॉर्मची फी २०.००. एकूण २८.००.
देणे : भिकाकाकांना फीपैकी उसने ५.००. कांताला, आभार.
आजोबांना देणे : काही नाही. (त्यांना विचारून लिहिले आहे.)